उलटे पडलेले चिन्ह



सन २०१६ मध्ये ब्रिटनमधील ११-१२ वर्षांच्या विद्यार्थ्यांना ‘मायक्रोबिट’ नावाचे एक साधन विनामूल्य देण्यात आले. तळहातात मावणाऱ्या या संगणक-पट्टीवर २५ बारीक दिवे व २ कळा असतात. संगणकावर आज्ञावली रचून ती तारेने पट्टीत उतरविली, की पुढे दोन लहान सेलांवर पट्टी आपले काम करते.

ही पट्टी मी एका शाळेत नेली. कुंडीतील मातीत दोन खिळे रोवून ते तारांनी तिला जोडले. ओल्या मातीतून वीज अधिक सुलभतेने वाहते व पट्टीने मोजलेला आकडा वाढतो. माती कोरडी असता दिवे लागावेत, अशी माझी योजना होती. प्रत्यक्षात पाणी घालताच दिवे लागले! मुलांसमोर माझी फजिती झाली. मी पट्टी पेटीत ठेवणार, तोच सहावीतील एक मुलगी म्हणाली, “साहेब, लहान-मोठ्याचं चिन्ह उलटं पडलंय.” तिनेच ते बदलले. मग कोरड्या कुंडीत खिळे रोवले आणि दिवे लागले. वहीत अनेकदा गिरविलेले ते चिन्ह त्या दिवशी तिने कामास लावले.

स्वतःस सर्व आल्यावाचून मुलांच्या हाती साधन द्यावयाचे नाही, हा आग्रह आपण सोडावयास हवा. बिघडेल या भीतीने कपाटात जपलेले साधन कोणासही काही शिकवीत नाही. आपली चूक मुलांना शोधू द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.