दोन बोटं हनुवटीखाली

(मंडळाच्या अल रीम आयलंडवरील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अबू धाबीत ड्रोनचं नाव काढलं की आधी १७ जानेवारी २०२२ आठवतो. त्या दिवशीच्या हल्ल्यात मुसफ्फा भागात तीन माणसं गेली, त्यांतले दोघे आपले भारतीय. त्यानंतर हौशी ड्रोन उडवण्यावर इथे बंदीही आली होती. त्यामुळे ‘ड्रोन जीव वाचवतो’ म्हटल्यावर कुणाच्या भुवया वर गेल्या, तर मला नवल वाटणार नाही.

पण याच शहरात, अ‍ॅडनेकमध्ये, फेब्रुवारी २०२० साली एक आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धा झाली. तिच्यातलं एक आव्हान असं होतं, की उंच इमारतीची आग ड्रोन आणि जमिनीवरच्या रोबोने मिळून विझवायची. आपण रीमवाले बहुतेक सगळे टॉवरमध्ये राहणारे. म्हणजे विषय घरचाच!

आता आपल्याकडे येऊ. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. जगाला ते कळलं कसं? नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. दीडशेच्या वर माणसं गेली. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली. वाडीला गाडीरस्ता नाही, वर धो धो पाऊस. जेसीबी वर नेता येईना, हेलिकॉप्टर उडेना. मदतीला अंधारात डोंगर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण सापडलेच नाहीत.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो, कुठे जायचं? इथे ड्रोन खरोखर कामाचा. ‘थ्री इडियट्स’मधला उडणारा ड्रोन आठवतो ना? तो आयआयटी मुंबईच्या मुलांनी काढलेल्या आयडियाफोर्ज कंपनीचा. त्याच कंपनीचे ड्रोन २०१३ च्या उत्तराखंड प्रलयात अडकलेली माणसं शोधायला वापरले गेले. मात्र एक गैरसमज काढून टाका. उष्णता टिपणारा कॅमेरा मातीच्या आरपार बघत नाही. छपरावर, झाडीत, उघड्यावर माणूस असेल तर तो दिसेल. दहा फूट चिखलाखाली नाही. तिथे अजून कुत्रा आणि कुदळच.

दुसरा प्रश्न, आधी कुणाला उचलायचं? मी अपघात विभागात काम करते, तेव्हा हा माझा विषय. याला आम्ही ट्रायाज म्हणतो. चालू शकतो त्याला हिरवी चिठ्ठी. श्वास मिनिटाला तिसाच्या वर गेला की लाल. श्वासच नसेल तर हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करायचा. श्वास आला तर लाल, नाहीच आला तर काळी. काळी म्हणजे पुढच्या माणसाकडे चला.

अमेरिकेत डार्पा ही संस्था २०२४ पासून यावरच स्पर्धा घेते आहे. ड्रोन आणि रोबोने हात न लावता श्वास, नाडी, रक्तस्राव ओळखायचा. कॅमेरा छातीची हालचाल मोजतो, प्रत्येक ठोक्याला त्वचेचा रंग किंचित बदलतो तोही टिपतो. सावळ्या त्वचेवर हे अवघड जातं; मग चिखलाने माखलेल्या आपल्या माणसाचं काय होईल, सांगा!

काही वर्षांपूर्वी एका मॉक ड्रिलमध्ये मी एका मुलाला काळी चिठ्ठी लावली आणि पुढे गेले. नंतर त्याने खिशातलं कार्ड दाखवलं: ‘हनुवटी उचलल्यास श्वास सुरू.’ घाईत मी उचललीच नव्हती. तो हसत होता, मला मात्र रात्रभर झोप नाही. मी जी चूक केली ती घिरट्या घालणारा ड्रोन दर वेळी करेल, कारण त्याला बोटं नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: यंत्राने लाल सांगावं, बेधडक सांगावं, आम्ही धावत जाऊ. काळी मात्र माणसाने, हात लावूनच द्यावी.

बरं, बोलणं पुरे. मागे सतरंजी घातली आहे. चहाच्या आधी पाच-पाच जण या, हनुवटी कशी उचलायची ते दाखवते. मुलांनाही आणा.