शिंगराचं रक्त आणि तेरा हजारांचा आकडा

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू तिकडे नक्की काय करतेस गं?" असं कालपासून बऱ्याच जणांनी विचारलं. मी अमेरिकेत केंटकीला राहते. तिथे शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते आणि शिंगरांच्या रक्ततपासणीचे अहवाल दाखवणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. त्यातला एक पेच सांगते. गणिताच्या बाई समोर बसल्यात, तेव्हा आकडे जपूनच वापरते.

साधारण एक ते सहा महिन्यांच्या शिंगरांना ऱ्होडोकॉकस इक्वाय या जिवाणूमुळे न्यूमोनिया होतो. हा जिवाणू मातीत आणि लिदीत असतो, धुळीबरोबर श्वासात जातो. क्षयाच्या जंतूचा हा दूरचा भाऊबंद. शरीरातल्या ज्या पेशी जंतू गिळतात, त्यांच्याच पोटात हा वाढतो. फुप्फुसांत गळवं होतात, तरी शिंगरू हुंदडत असतं, दूध पीत असतं. खोकला लक्षात येईपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

म्हणून काही फार्मवर वरचेवर रक्त घेऊन पांढऱ्या पेशी मोजतात. प्रतिपिंडांची तपासणी इथे फारशी कामाची नाही. आईच्या चिकातून प्रतिपिंडं आलेली असतात, शिवाय निरोगी शिंगरांचाही या जिवाणूशी संबंध आलेला असतोच.

पांढऱ्या पेशींचं काय? फ्लोरिडातल्या संशोधकांनी २००३ साली मांडलेला हिशेब असा: मर्यादा १३,००० धरली तर आजारी शिंगरांपैकी सुमारे ९५ टक्के सापडतात, पण निरोगींपैकी फक्त ६१ टक्केच सुटतात. मर्यादा १५,००० केली तर हेच आकडे सुमारे ७९ आणि ९१ होतात. आता समजा, शंभर शिंगरं आहेत आणि त्यांतली वीस खरंच आजारी आहेत. तेरा हजारांवर १९ सापडतील, पण ३१ निरोगी शिंगरांवरही शिक्का बसेल. पंधरा हजारांवर शिक्का सातांवरच बसेल, पण चार आजारी निसटतील. बाई, बरोबर ना?

आमच्या साहेबांना पडद्यावर लाल आणि हिरवा असे दोनच रंग हवे होते. ग्राहकाला ते आवडतात. मी नाही म्हटलं, आणि त्यावरून महिनाभर वाद चालला. लाल दिसलं की औषध सुरू होतं. ते औषध म्हणजे क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि त्याच्या जोडीला एक मॅक्रोलाइड प्रतिजैविक. सोनोग्राफीत फुप्फुसावर लहानसे डाग दिसणारी कितीतरी शिंगरं औषधाविना बरी होतात. सरसकट औषधं दिल्यामुळे केंटकीतच या दोन्ही औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढले. मग खरंच आजारी असलेल्या शिंगराला द्यायचं काय? माणसांच्या बाबतीत आपण तेच करतो आहोत, पण तो विषय वेगळा.

पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे शरीरात कुठेतरी दाह आहे, एवढंच कळतं. तो कुणामुळे, हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी सोनोग्राफी लागते. खात्री हवी तर श्वासनलिकेतला द्रव काढून त्यातला जंतू वाढवून बघावा लागतो किंवा पीसीआर करावी लागते.

शेवटी मधला पिवळा रंग आला. पिवळं दिसलं की मागच्या सगळ्या मोजण्यांचा आलेख उघडतो आणि खाली 'सोनोग्राफी करा' एवढंच येतं, औषधाचं नाव येत नाही. जानेवारीत शिंगरं जन्मायला लागतील. मर्यादेचा रकाना मी रिकामा ठेवलाय, तो प्रत्येक फार्मच्या डॉक्टरांनी स्वतः भरायचा.