पैसे भरणारे खेळाडू, पगारी टेस्टर

गेम बनवणारी तरुण मुलं आपल्या उपनगरांत आता सहज भेटतात. दिवसा कॉलेज किंवा नोकरी, आणि रात्री कुणाच्या तरी हॉलमध्ये दोन-तीन लॅपटॉप मांडून काम. त्यांचा नेहमीचा प्रश्न असा: अर्धा झालेला गेम लोकांना विकायला काढावा, की पैसे देऊन टेस्टर लावावेत? हातात पैसे नसतात, त्यामुळे उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं. मी मात्र या प्रश्नाकडे श्रमाचा प्रश्न म्हणून पाहतो.

गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानानं मार्च २०१३मध्ये ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ सुरू केलं. अपुरा गेम विकत घ्यायचा, खेळायचा, काय खटकलं ते कळवायचं, आणि तो पुढे वाढत जायचा. माइनक्राफ्ट त्याच्याही आधी, २००९पासून, असाच विकला जात होता. पूर्ण आवृत्ती आली नोव्हेंबर २०११मध्ये.

आता पगारी टेस्टरचं काम पाहू. दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात, असं नातेवाइकांना वाटतं. प्रत्यक्षात तो एकाच भिंतीला पन्नास वेळा धडकतो. खेळ चालू असताना कंट्रोलर काढला तर काय होतं? फोन आला, बॅटरी संपत आली, अंधेरीला भुयारी मेट्रोत उतरताना नेट गेलं, तर केलेली प्रगती टिकते का? स्वस्त अँड्रॉइडवर चित्र अडखळतं का? बग, म्हणजे दोष, सापडला की बिल्डचा, म्हणजे त्या आवृत्तीचा, क्रमांक, कोणत्या पायऱ्यांनी तो पुन्हा घडतो, किती गंभीर आहे, हे सगळं लिहायचं. दुरुस्ती झाली की तोच भाग परत तपासायचा, कारण एक दुरुस्ती दुसरीकडे काहीतरी मोडते. पैसे भरून आलेला खेळाडू हे का करील? तो ‘गेम बंद पडला’ एवढंच लिहितो, आणि तेवढंच लिहिण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

पण टेस्टरच्या टेबलावर सगळं कळत नाही, हेही तितकंच खरं. आपल्याच शहराशी जोडलेलं उदाहरण घ्या. युबीसॉफ्टनं २०१८मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला, पुण्यातला आधीपासून होता. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३च्या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती या दोन स्टुडिओंकडे सोपवल्याचं सप्टेंबर २०२०मध्ये जाहीर झालं. मराठी मुलांना त्या दिवशी किती अभिमान वाटला होता! ट्रेलर आला आणि चेहरे, प्रकाश, एकूण चित्रण यांवर जगभरातून टीका झाली. जानेवारी २०२१ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली, आणि मे २०२२मध्ये काम युबीसॉफ्टच्याच मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेलं. राजपुत्र भिंतीवरून नीट पळतो की नाही, हे टेस्टर सांगू शकतो. त्याच्या चेहऱ्यात जीव वाटतो का, हे लहानपणी तो गेम खेळलेले लोकच सांगणार. त्यांच्यापुढे काम फार उशिरा आलं, असं माझं मत आहे.

नाटकाची रंगीत तालीम जाणकारांपुढे होते, तेव्हा कुणी तिकीट लावत नाही. तिकीट लावलं की तो प्रयोगच. अर्ली अ‍ॅक्सेसलाही हीच कसोटी लावावी. लॅरियन या स्टुडिओनं आपल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या गेमचा फक्त पहिला अंक ऑक्टोबर २०२०मध्ये विकायला काढला, जवळजवळ तीन वर्षं लोकांचं ऐकलं, आणि ऑगस्ट २०२३मध्ये पूर्ण गेम दिला. तो पहिला अंक पैसे मोजावेत इतका भरीव होता. उलट ‘डेझी’ डिसेंबर २०१३मध्ये विक्रीला आला आणि अपूर्णतेचा शिक्का पुसायला त्याला पाच वर्षं लागली. विक्री झाली नाही तर काम पूर्ण करणं परवडणार नसेल, तर या वाटेनं येऊ नका, असं खुद्द स्टीमच निर्मात्यांना बजावतं. विकत घेणाऱ्याकडे चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळून पैसे परत मागण्याची सोय आहे. त्याचा वेळ मात्र परत मिळत नाही.

मोबाइल गेम करणाऱ्यांपुढे वेगळीच अट आहे. नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना प्ले स्टोअरवर गेम आणण्याआधी सलग चौदा दिवस बंद, म्हणजे निवडक लोकांपुरती, चाचणी घ्यावी लागते. टेस्टर आधी वीस लागत, डिसेंबर २०२४पासून बारा. मुलं मावस-चुलत भावंडांचे ईमेल गोळा करून आकडा भरतात. तो आकडा तपासणीचा नाही. त्या बारांत एकजण तरी बग नोंदवायला शिकलेला असू द्या, त्याला ठरवून मोबदला द्या, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव घाला. पैशाची खरोखर ओढाताण असेल, तर स्टीमवर २०२०पासून ‘प्लेटेस्ट’ची मोफत सोय आहे. तिथे लोकांना फुकट बोलवा, गेम कुठे कंटाळवाणा होतो ते विचारा, आणि विक्रीचं बटण त्यानंतर लावा.