तान्ह्यापासून दूर

बाळंतपणाची रजा संपवून सांगलीच्या कचेरीत किंवा साताऱ्याच्या शाळेत पुन्हा रुजू झालेल्या मातेचे चित्त दिवसभर घरच्या पाळण्याभोवती घुटमळत राहते आणि सासूबाई बाळाजवळ असतानाही ते रडत तर नसेल ना, या शंकेने तिचा जीव कासावीस होतो, ही तिची दुर्बलता खचितच नव्हे. तान्ह्या बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. परंतु तिच्यावर तशी वेळ यावी, हेच मला क्लेशदायक वाटत आले आहे. एस.टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांना तिचे नाव दिले, हे यथार्थ झाले.

१९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली, तसेच ५० वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची तजवीज करून मातेला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असे बंधन आले. मात्र बांधावर झोळी टांगून उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या आईपर्यंत हे लाभ क्वचितच पोहोचतात.

काळजीपोटी बाळ निजले असतानाही आईला झोप येईना आणि ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवावे किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला घ्यावा.