नळ भिंतीच्या बाहेर असू द्या

(नगर जिल्ह्यातील तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय साधा आहे. पाण्याची प्लास्टिकची बाटली. ती विकत घ्यायची, दहा मिनिटांत रिकामी करायची आणि फेकून द्यायची, ही सवय कशी सोडवायची? ‘घरून स्टीलची बाटली आणा’ एवढं सांगून मला खाली बसता आलं असतं. पण ते तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. तरीही आपल्या इफ्तारमध्ये, वलीम्यात, बैठकीत छोट्या बाटल्यांची रांग लागतेच. म्हणजे अडचण माहितीची नाही. ती कुठे आहे, ते आधी पाहू.

आपण ज्या शहराच्या जिल्ह्यात राहतो, ते मलिक अहमद निजामशहाने १४९० च्या सुमारास वसवलं. हा मुलूख कमी पावसाचा. म्हणून शहराबरोबर पाण्याचीही आखणी झाली. कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांच्या शिवारातून जमिनीखालून भाजक्या मातीचे नळ टाकले गेले. त्यांना आपण खापरी नळ म्हणतो. त्यातून पाणी शहरात आलं, किल्ल्यात आलं, बागांत आलं. फराहबागेचा महाल पाण्याच्या मधोमध उभा राहिला. सावेडीकडच्या बागेला नाव मिळालं हश्त बिहिश्त, म्हणजे आठ स्वर्ग. कोरड्या मुलखातल्या माणसाला स्वर्ग म्हटलं की पाणीच आठवणार!

याच बिहिश्त शब्दावरून भिस्ती हा शब्द आला. खांद्यावर कातड्याची पखाल घेऊन पाणी पोचवणारा तो भिस्ती. तहानलेल्याला पाणी पाजणारा म्हणून लोकांनी त्याला स्वर्गातला ठरवलं. त्याची पखाल वर्षानुवर्षं चालायची. प्रवासाला निघणारी माणसं फिरकीचा तांब्या जवळ ठेवायची, तो तर पुढच्या पिढीलाही पुरायचा. पुन्हा पुन्हा भरता येणारी बाटली हा काही परदेशातून आलेला नवा शौक नाही. दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत दुसरी बाटली आपल्याकडे नव्हतीच.

पण पखाल आणि तांब्या चालायचे, कारण ते भरायला जागा होत्या. आड होते, मशिदीतले हौज होते, रस्त्यावर पाणपोया होत्या, आणि सबील होती. नगरचा मोहरम तुम्ही पाहिलेला आहे. सवाऱ्यांच्या दर्शनाला सगळ्या धर्मांची माणसं येतात, नवस बोलतात. करबलाच्या तहानेची आठवण म्हणून मोहरममध्ये सबील लागते आणि येणाऱ्याच्या हातात पाणी किंवा सरबत दिलं जातं. देणारा नाव विचारत नाही. हजरत साद यांनी आईच्या नावाने कोणतं दान करावं असं विचारलं, तेव्हा पैगंबरांनी पाणी असं उत्तर दिलं आणि त्यांनी विहीर खोदली, ही हदीस आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती विहीर सगळ्यांसाठी होती.

मग बाटली का जिंकली? दोन कारणं मला दिसतात, आणि दोन्ही खरी आहेत.

पहिलं कारण भरवशाचं. आपल्या जिल्ह्याचं पाणी सगळीकडे सारखं नाही. नगर शहराला मुळा धरणाचं पाणी येतं. पण पाथर्डी, पारनेर, कर्जत, जामखेडकडच्या गावांनी टँकरचे उन्हाळे काढले आहेत. कुठे बोअरचं पाणी क्षारांमुळे घशाखाली उतरत नाही. अनोळखी नळाचं पाणी मुलाला पाजताना आई दोनदा विचार करते, आणि तिचं चुकत नाही.

दुसरं कारण आपण कमी बोलतो. इंग्रजी अमदानीत रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पानी’ आणि ‘मुस्लिम पानी’ वेगळं मिळायचं. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी दलितांना घेता येत नव्हतं, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद भरवायची होती आणि जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. या देशात पाण्याने माणसाला जात विचारली आहे, धर्म विचारला आहे. बाटलीने ते कधी विचारलं नाही. दुकानदाराला वीस रुपये दिले की बाटली हातात. दुसऱ्याच्या दारात पाणी मागताना नाव सांगावं लागेल, ही धाकधूक ज्याने अनुभवली आहे, त्याला बाटली ही सोय वाटली तर मी त्याला दोष देणार नाही.

पण बाटलीने जात विचारली नाही तरी पैसे विचारले. ज्याच्या खिशात वीस रुपये नाहीत, त्याची तहान आता कुणाच्याच हिशेबात नाही. स्टँडवर बाटल्यांची दुकानं भरपूर असतात, नळ शोधावा लागतो. एसटीच्या स्थानकांवर ‘नाथजल’ नावाची बाटली मिळते. नाव संत एकनाथांचं. रामेश्वरासाठी आणलेलं गंगेचं पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे ते एकनाथ. ते आपल्या शेजारच्या पैठणचे. त्यांच्या नावाचं पाणीही आज विकत घ्यावं लागतं. हा दोष एका महामंडळाचा नाही. सार्वजनिक पाणी आपण सगळ्यांनीच सोडून दिलं, त्याची ही निशाणी आहे.

आता थोडा हिशेब. कॉलेजला जाणारा मुलगा महिन्याचे पंचवीस दिवस रोज एक बाटली घेत असेल तर ५०० रुपये झाले. एका महिन्याच्या या पैशांत चांगली स्टीलची बाटली येते. वलीम्याचा हिशेब करा. हजार पाहुणे, प्रत्येकाला पाव लिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे दोन हजार बाटल्या. तेवढंच पाणी, ५०० लिटर, वीस लिटरच्या पंचवीस जारमध्ये बसतं. शिवाय त्या दोन हजारांतल्या कित्येक बाटल्या अर्ध्याच प्यायलेल्या असतात. जेवणं उरकल्यावर हॉलच्या मागे जाऊन बघा. वजूलाही पाणी जपून वापरा, अगदी वाहत्या नदीकाठी बसलात तरी जपून वापरा, अशी शिकवण सांगणारे आपण, आणि टँकरच्या जिल्ह्यात अर्ध्या भरलेल्या बाटल्या कचऱ्यात टाकतो.

कुणी म्हणेल, बाटली भंगारात विकली जाते, त्यावर गरिबाचं पोट चालतं. खरं आहे. पेटच्या बाटलीला भाव असतो, आणि भंगाराच्या धंद्यात आपल्यातली बरीच माणसं आहेत. पण बाटली वेचणाऱ्या बाईला तिच्या कष्टाचं मोल देण्यासाठी आपण आणखी कचरा करावा, हा उलटा न्याय झाला. आणि ओढ्यात, नाल्यात, मढीच्या नाहीतर शिर्डीच्या रस्त्याकडेला पडलेली प्रत्येक बाटली काही तिच्या पोत्यात जात नाही.

तब्येतीचं काय? अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्याची मोजणी प्रसिद्ध केली. एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण सापडले, आणि त्यातले नव्वद टक्के अतिसूक्ष्म होते. या कणांमुळे शरीरात नेमकं काय होतं, याचा अभ्यास अजून चालू आहे, म्हणून मी कुणाला घाबरवणार नाही. पण ‘सीलबंद म्हणजे शुद्ध’ हा भाबडेपणा आता पुरे.

कायदा हे काम करील, याची वाट पाहू नका. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्यात प्लास्टिकचे कप, ग्लास, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ आहेत. पेटची बाटली त्या यादीत नाही. मात्र एक लक्षात ठेवा, सबीलवर प्लास्टिकचे ग्लास वाटणं ही आता कायद्याने बंद झालेली गोष्ट आहे. कागदी कपालाही आतून बहुधा प्लास्टिकचाच थर असतो.

मग जमलं कुणाला? ऑस्ट्रेलियात बंडनून नावाचं छोटं गाव आहे. २००९ मध्ये गावकऱ्यांनी बाटलीबंद पाणी विकायचं नाही असं ठरवलं. त्याच वेळी त्यांनी गावात फुकट पाणी भरायचे नळ बसवले. सिक्कीमने १ जानेवारी २०२२ पासून बाटलीबंद पाण्यावर बंदी जाहीर केली, तिथे डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी आहे. आपल्या रेल्वेनेही स्टेशनांवर यंत्रं बसवली होती, आपल्या बाटलीत लिटरभर पाणी पाच रुपयांत भरून मिळायचं. पुढे बरीच यंत्रं बंद पडली आणि लोक पुन्हा विकतच्या बाटलीकडे वळले. बोध सरळ आहे. भरायची जागा असेल तर बाटली टिकते. जागा गेली की घरातली स्टीलची बाटली फळीवर जाऊन बसते.

म्हणून माझी मागणी बाटलीपेक्षा मोठी आहे. आपल्या मशिदीत, दर्ग्यात, मदरशात, वाचनालयात, तालमीत, दुकानात पाणी आहेच. त्यातला एक नळ भिंतीच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला काढा. आत असलेल्या नळापर्यंत बाई पोचत नाही. शाळेतून घरी निघालेली मुलगी पोचत नाही. ऊसतोडीला निघालेलं कुटुंब, दुसऱ्या धर्माचा वाटसरू आत यायला कचरतो. बाहेरच्या नळाला कुणाची परवानगी लागत नाही.

तो नळ विश्वासाचा करायचा असेल तर चार कामं आहेत.

पहिलं, पाणी तपासा. गावातला जलसुरक्षक ओटी चाचणी कशी करतो, ते शिकून घ्या. काही थेंबांचं काम आहे, पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे रंगावरून कळतं. मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं. टाकी ठरल्या तारखेला धुवा. तपासणीची तारीख आणि निकाल नळाशेजारी पाटीवर लिहा. देणगीदाराच्या नावापेक्षा ती तारीख मोठ्या अक्षरात असू द्या.

दुसरं, मोजा. हिवरे बाजार आपल्याच जिल्ह्यातलं. पोपटराव पवारांच्या त्या गावात दरवर्षी पाऊस किती पडला ते मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिकं ठरवतात. आपणही एका इफ्तारनंतर, एका लग्नानंतर रिकाम्या बाटल्या मोजू. आकडा कमिटीपुढे ठेवू. भाषणाने जे होत नाही, ते आकड्याने होतं.

तिसरं, स्टीलचे ग्लास सामायिक ठेवा. मोहल्ल्यात देगा, ताटं भाड्याने मिळतात, तसे दोनशे-तीनशे ग्लास आणि नळाचे दोन पिंप घेतले तर प्रत्येक दावतीला चालतील. आणि ग्लास धुणार कोण? हा प्रश्न आजच सोडवा, नाहीतर ते काम गुपचूप घरातल्या बायकांच्या अंगावर पडेल. पाणी वाढणाऱ्या पोरांनीच ग्लास धुवायचे, असं ठरवून टाका.

चौथं, स्वतःची बाटली. एकच घ्या. स्टीलची बाटली बनवायला पेटच्या बाटलीपेक्षा जास्त धातू, जास्त ऊर्जा लागते. ती वर्षानुवर्षं वापरली तरच फायदा. रंग बदलला म्हणून दर सणाला नवी घेतली तर आपण तीच चूक महाग करून केली. तोंड रुंद असलेली बघा, म्हणजे ब्रश आत जातो. रोज धुवा, झाकण उघडं ठेवून वाळवा. तांब्याच्या बाटलीत लिंबाचं सरबत भरू नका. विकतची बाटलीच महिनोन्‌महिने भरत राहू नका, ती त्यासाठी बनलेली नसते.

कधी बाटली विकत घ्यावी लागेल. तापाच्या पेशंटसाठी, रात्रीच्या प्रवासात, पुराच्या वेळी. तेव्हा जरूर घ्या, मनाला लावून घेऊ नका. आणि इफ्तारमध्ये कुणी बाटली आणली तर त्याला सगळ्यांसमोर टोकू नका. बोट दाखवायच्या आधी नळ दाखवता आला पाहिजे.

येत्या जुम्म्याला आपापल्या कमिटीशी बोला. खर्च नळाचा, तोटीचा आणि अर्ध्या दिवसाच्या प्लंबरचा. जागा रस्त्याकडची मागा, आतल्या अंगणातली दिली तर पुन्हा जा. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एवढंच सांगायचं आहे: आमच्या भिंतीच्या बाहेर नळ लागला की नाही, आणि शेवटची ओटी चाचणी कधी केली.