कोतवाल बुकातली माणसं



गेल्या काही वर्षांत एका जुन्या वहीला एकदम भाव आलाय. कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, गाव नमुना 14. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने 2023 पासून कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ठाणे-कल्याणकडेही नकला काढायला माणसं येतात, जातीच्या रकान्यावर बोट ठेवतात आणि निघतात. माझं बोट मात्र पुढच्या रकान्यांत अडकतं. वय. मरणाचं कारण.

कारण बहुतेक एकच : ताप. पटकी, देवी, प्लेग ही ओळखीची दुखणी. बाकी हिवताप काय, विषमज्वर काय, 1918 चा इन्फ्लुएंझा काय, सगळं तापाच्या खात्यात. लिहिणारा गावकामगार, डॉक्टर नव्हे. त्याला तरी काय दोष द्यायचा?

मरणाची निदान ओळ तरी पडे. लग्नाची तीही नाही. चर्चच्या वह्यांत ख्रिस्ती लग्नं तारीखवार मिळतात. पण मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा सर्वसाधारण कायदा आला तो 1953 साली. तोवर आपली भिस्त आहेराच्या वहीवर. आजीच्या लग्नातली वही आमच्याकडे आहे. कुणाचा सव्वा रुपया, कुणाचा खण, सगळं नीट मांडलंय. नवरीचं नाव कुठंच नाही.

लग्न झालेल्यांचा आकडा मग खानेसुमारीतच शोधायचा, तोही दहा वर्षांतून एकदा. 1931 चा तक्ता तर भलताच फसवा. शारदा कायदा सप्टेंबर 1929 मध्ये मंजूर झाला आणि 1 एप्रिल 1930 ला लागू व्हायचा होता. लग्नासाठी मुलीला चौदा वर्षं पुरी हवी होती. मधल्या सहा महिन्यांत देशभर बोहल्यांची घाई उडाली. त्यामुळे पंधराच्या आतल्या विवाहित मुली 1921 पेक्षा कमी व्हायच्या त्या वाढलेल्याच दिसतात.

आमची आजी त्याच घाईतली. फेब्रुवारी 1930, कल्याण, वय बारा. दिली दुसरेपणावर.

आजोबांची पहिली बायको बाळंतपणात गेली, एवढंच घरात बोललं जाई. मागच्या वर्षी तिची ओळ सापडली. नावाच्या जागी नवऱ्याचं नाव आणि पुढे ‘याची बायको’. वय सोळा. कारण, ताप.