पेट्रोल-पंपावरील दुकानाचें रूप

पेट्रोल-पंपावरील दुकानाला रूप असावें, ही कल्पनाच पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. देवळाला रूप असतें, वाड्याला असतें, फार तर शाळेला अगर टपालकचेरीला असतें. परंतु जेथें मोटार पांच मिनिटें थांबते, टाकी भरते आणि निघून जाते, तेथल्या चार भिंतींच्या दुकानाचें सौंदर्य तें काय पाहावयाचें? हा आक्षेप वरवर पाहतां बिनतोड दिसतो. तथापि पूर्वीं गांवाची ओळख वेशीवर होई, पुढें ती आगगाडीच्या स्टेशनावर होऊं लागली, आणि आज बहुतेक प्रवाशांना ती पंपावर होते. ज्या गांवांत प्रवासी कधीं पाऊल टाकणार नाहीं, त्या गांवाविषयींचें त्याचें मत त्या पांच मिनिटांत बनून जातें.

उदाहरणादाखल परभणी जिल्ह्यांतील पोखर्णी हें गांव घ्यावें. परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या वाटेवरचें हें गांव नृसिंहाच्या देवस्थानामुळें प्रसिद्ध आहे. रेल्वेनेंहि आपल्या स्टेशनाला ‘पोखर्णी नृसिंह’ असेंच नांव दिलेलें आहे. नृसिंहजयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीस येते. म्हणजे त्या दिवशीं दर्शनास येणारी मंडळी येतात तीं ऐन उन्हाळ्यांत, पारा ४२ अंशांच्या आसपास असतांना. अशा वेळीं रस्त्यालगतच्या एखाद्या पंपावर मोटार थांबली कीं तींतून उतरलेल्या मनुष्याचे डोळे प्रथम काय शोधतात? सांवली, पाणी, आणि बरोबर बायकामुलें असल्यास स्वच्छ शौचकूप. दुकानांतील माल तो चौथ्या क्रमांकानें पाहतो. दुकान सजविण्यास निघालेले लोक नेमका हाच क्रम उलटा धरतात, आणि सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

पंप आणि दुकान यांची सोयरीक कशी जमली, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १९२७ सालीं अमेरिकेंतील डॅलस शहरीं बर्फ विकणाऱ्या एका कंपनीच्या गुत्त्यावर बर्फाबरोबर दूध, पाव आणि अंडीं विकण्यास सुरुवात झाली. इतर दुकानें बंद झाल्यावरहि हें उघडें असे. पुढें १९४६ सालीं, सकाळीं सातपासून रात्रीं अकरापर्यंतच्या वेळावरून, त्याच कंपनीच्या दुकानांना ‘सेव्हन-इलेव्हन’ हें नांव मिळालें. अवेळीं उघडें असणारें दुकान आणि अवेळीं धांवणारी मोटार यांची गांठ पडणें मग अपरिहार्यच होतें. आपल्याकडे ही गांठ फार उशिरां पडली. एस्सो कंपनीचा व्यवहार १९७४ सालीं आणि बर्मा-शेलचा १९७६ सालीं सरकारच्या ताब्यांत आला. त्यांतून हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्या उभ्या राहिल्या. परंतु पंपावर खरेंखुरें दुकान दिसूं लागलें तें शतक पालटतांना, आणि तेंहि मोठ्या शहरांत. खेड्यांसाठीं इंडियन ऑइलनें काढलेलीं ‘किसान सेवा केंद्रें’ हा त्यानंतरचा प्रयोग. डिझेल घेण्यास आलेल्या शेतकऱ्याला त्याच ठिकाणीं खत, बियाणें आणि किरकोळ वाणसामान मिळावें, हा त्यांतील हेतु होता.

येथें एक व्यवहाराची गोष्ट ध्यानांत घेणें जरूर आहे. पंपावरील उंच छत, खांबांचे रंग, कंपनीचा निशाण-फलक हें सर्व कंपनीच्या ठरीव नमुन्याबरहुकूम असतें. लिटरमागें मिळणारें कमिशनहि कंपनीच ठरविते. पंपचालकानें कितीहि शहाणपण केलें तरी त्यांत पैशाचीहि वाढ होत नाहीं. त्याच्या स्वतःच्या बुद्धीला वाव उरतो तो दुकानांत आणि त्याच्या भोंवतालच्या मोकळ्या जागेंत. म्हणून दुकानाचें रूप हा त्या कुटुंबाच्या दृष्टीनें केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. तो मिळकतीचा प्रश्न आहे.

परदेशांतहि हा प्रश्न एका दिवसांत सुटला नाहीं. अमेरिकेंतील पहिले पंप म्हणजे पत्र्याच्या झोंपड्या होत, आणि वस्तींतील लोक त्यांच्यामुळें हैराण झाले होते. तेव्हां ‘प्युअर ऑइल’ नामक कंपनीनें १९२७ च्या सुमारास एक युक्ति काढली: उतरत्या निळ्या छपराची, धुराड्याची, जुन्या इंग्रजी घरासारखी दिसणारी टुमदार बंगली बांधावयाची आणि तिच्यांत पेट्रोल विकावयाचें. शेजारीपाजारी खूष झाले, हें खरें. परंतु घराचें सोंग घेतलेलें दुकान तें सोंगच. आपल्याकडे हमरस्त्यावरच्या उपाहारगृहांपुढें सिमेंटचे बुरूज आणि प्लॅस्टरचे मावळे उभे करण्याची जी रीत पडली आहे, ती याच जातीची.

याच्या उलट दिशेनें गेला तो वॉल्टर डॉर्विन टीग हा कल्पक. त्यानें १९३० नंतरच्या दशकांत टेक्साको कंपनीसाठीं पंपाची जी इमारत आंखून दिली, तिच्यांत अलंकार असा जवळजवळ नव्हताच: पांढऱ्या स्वच्छ भिंती, त्यांवर वरच्या अंगाला हिरव्या रंगाच्या तीन आडव्या रेघा, मोठ्या काचा आणि ठळक अक्षरें. पांढऱ्या भिंतीवर डाग लपत नाहीं. यामुळें ती रोज धुणें भाग पडे, आणि ती धुतलेली आहे एवढें पाहूनच गिऱ्हाइकाचा विश्वास बसे. त्याच दशकाच्या अखेरीस त्या कंपनीनें आपल्या पंपांवरील शौचकूपांच्या स्वच्छतेची जाहिरात देशभर केली. तेलाच्या प्रतीची प्रौढी मिरविण्यापेक्षां मोरीच्या स्वच्छतेची मिरविणें अधिक फायद्याचें, हें ज्या कोणाला सुचलें त्याला मनुष्यस्वभावाची चांगली पारख असली पाहिजे.

आणि सर्वांत सुंदर म्हणून ज्याकडे बोट दाखवावें, असा पंप डेन्मार्कमध्यें आहे. कोपनहेगनच्या उत्तरेस स्कोव्हशोव्हेड येथें आर्ने याकोबसेन या शिल्पज्ञानें १९३६ सालीं तो उभारला. पांढऱ्या फरशांनीं मढविलेली लहानशी इमारत, एक घड्याळ, आणि एकाच खांबावर तोललेलें, अळंब्याच्या छत्रीसारखें काँक्रीटचें छत. बस्स, इतकेंच! २००२ सालीं डेन्मार्कनें ही वास्तु राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षित केली. तिच्यांत खर्चिक असें कांहीं नाहीं. अनावश्यक असेंहि कांहीं नाहीं, आणि हें दुसरें साधणें फार कठीण.

आतां मराठवाड्यांतल्या रस्त्याकडे वळूं. येथील सामान्य पंपावरच्या दुकानाची आजची स्थिति कशी असते? दर्शनी काच निरनिराळ्या कंपन्यांच्या जाहिरातींनीं इतकी चिकटवून टाकलेली असते कीं आंत दुकान आहे कीं गुदाम, हें बाहेरून कळूं नये. दाराशीं शीतपेयाचा फ्रीज, त्याच्या माथ्यावर रिकामीं खोकीं, बाजूला तेलाचे डबे, आणि जुन्या टायरांत लावलेलीं दोन सुकलेलीं रोपें. मालकाला हें बरें दिसत नाहीं हें कळतें. मग तो सुधारणा करतो. म्हणजे काय करतो? भिंतीवर चकचकीत अॅल्युमिनियमचे तक्ते ठोकतो, रंगीत दिव्यांच्या माळा सोडतो आणि प्लॅस्टिकचीं फुलें आणतो. वर्षभरांत तक्त्यांवर धूळ बसते, माळांतले निम्मे दिवे विझतात, आणि दुकान पूर्वींपेक्षांहि केविलवाणें दिसूं लागतें. पहिली सुधारणा कांहीं आणण्याची नसून काढण्याची आहे. काच खरडून स्वच्छ केली, खोकीं मागल्या खोलींत गेलीं, फ्रीज आंतल्या भिंतीला टेकला, कीं पदरचा पैसा फारसा खर्च न होतां अर्धें काम होतें.

उरलेल्या अर्ध्या कामांत मात्र त्या मुलुखाच्या मातीचा आणि उन्हाचा विचार केल्यावांचून गत्यंतर नाहीं. परभणीकडील जमीन काळी. ही माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर जें उभें असेल त्याला आपल्याबरोबर हालविते. पाया खालच्या मुरमापर्यंत नेला नाहीं तर भिंतीला तडे जाणार आणि अंगणांतल्या फरशा खचून वांकड्यातिकड्या होणार. मग वर कितीहि भारी रंग द्या. याच मातीचे शिंतोडे पावसाच्या मारानें उडून भिंतीच्या खालच्या दोन-अडीच फुटांपर्यंत चढतात. म्हणून जुन्या कारागिरांनीं घराचें जोतें दगडी ठेविलें. पंपावरील दुकानालाहि तेवढ्या उंचीपर्यंत काळा दगड किंवा शहाबादी फरशी लावावी आणि त्यावर साधा पांढरा रंग द्यावा. शहाबादी फरशी या भागांत घरोघरीं आहे. ती पाण्यानें धुतां येते, आणि तिच्यावरचा चिखल भिंतीवरच्या चिखलासारखा अंगावर येत नाहीं.

ऊन हा याहून कठीण शत्रु. पंपाचें छत उंच असतें, कारण त्याखालून मालमोटारी जावयाच्या असतात. त्यामुळें दोन प्रहरीं त्याखालीं सांवली असली तरी दुपार कलली कीं ऊन तिरपें होऊन थेट दुकानाच्या काचेवर येतें. दुकान पश्चिमाभिमुख असेल तर चार वाजतां आंतली चॉकोलेटें पातळ होतात, आणि मालक काचेवर आणखी एक जाहिरात चिकटवितो. जाहिरातींचें मूळ पुष्कळदां उन्हांत असतें, हें येथें दिसून येईल. मराठवाड्यांतील माळवदाच्या घरांना ओसरी असे. दुकानापुढें सहा-सात फूट रुंदीची तशी ओसरी काढली, तिला एक दगडी बांक आणि पाण्याचा नळ दिला, कीं काचेवरील ऊन टळतें आणि म्हाताऱ्या माणसांना टेंकावयास जागा होते. हवा, पिण्याचें पाणी आणि शौचकूप हीं गिऱ्हाइकाला विनामूल्य मिळालीं पाहिजेत, असा तेलकंपन्यांचा नियमच आहे. तें पाणी कोंपऱ्यांतल्या शेवाळलेल्या टाकीऐवजीं ओसरीवर असावें, एवढाच प्रश्न. जमिनींतील टाक्यांपासून दूर, हद्दीच्या कडेला, दोन कडुलिंब लावावे. कडुलिंब माघ-फाल्गुनांत पानें गाळतो आणि चैत्रांत पुन्हा पालवतो. नृसिंहजयंतीच्या सुमारास तो ऐन हिरव्या भरांत असतो. चुलीचा मात्र मोह धरूं नये. पेट्रोलच्या आवारांत उघडी ज्योत हा खेळ नव्हे. यासंबंधींचे परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याचें मुख्य कार्यालय नागपुरासच आहे, आणि त्याचे नियम सौंदर्याआधीं वाचावे लागतात.

दिव्यांविषयीं दोन शब्द. झगझगीत निळसर-पांढरा दिवा लांबून दिसतो, परंतु पावसाळ्यांत शिवारांतले सारे किडे तोच ओढून घेतो, आणि सकाळीं दाराशीं त्यांचा सडा पडतो. दुकानाच्या दाराशीं पिंवळसर, मंद दिवा ठेवावा. त्याकडे किडे कमी येतात आणि माणसांचे चेहरे आजाऱ्यासारखे दिसत नाहींत.

फलकाच्या बाबतींत कायदा आणि सुरुचि यांचा क्वचित् जुळणारा मेळ जमलेला आहे. दुकानाचें नांव देवनागरींत, आणि इतर लिपींपेक्षां लहान नव्हे अशा अक्षरांत असलें पाहिजे, हें बंधन राज्यानें २०२२ सालच्या दुरुस्तीनें लहान दुकानांनाहि लागू केलें. परंतु मोठें अक्षर म्हणजे वाचनीय अक्षर नव्हे. ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणारी मोटार सेकंदाला सुमारें १७ मीटर कापते. वाचण्यास तीन सेकंद द्यावयाचे तर फलक ५० मीटरांवरून लागला पाहिजे. देवनागरीला वरच्या आणि खालच्या मात्रांसाठीं श्वास घेण्यापुरती जागा लागते. ती न ठेवतां अक्षरें कोंबलीं कीं ‘किराणा’ आणि ‘कारखाना’ यांत फरक राहत नाहीं. दोन शब्द, एक रंग, पांढरी पार्श्वभूमि. यापलीकडे रंगाऱ्याला कांहीं करूं देऊं नये.

यापेक्षां नाजूक अशी एक अडचण आहे, आणि तिच्याविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. पंपाच्या तोंडाशीं वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात. ते लावणारा कोणाला विचारीत नाहीं, आणि पंपचालकाला ते काढण्याचें धैर्य होत नाहीं. त्याला त्याच गांवांत धंदा करावयाचा असतो. अशा ठिकाणीं रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेआड न येईल असा एक विटांचा सूचनाफलक बांधून द्यावा आणि ज्याला लावावयाचें त्यानें तेथें लावावें, असें सर्वांना सांगावें. हा उपाय अपुरा आहे. परंतु ‘लावूं नका’ यापेक्षां ‘येथें लावा’ हें सांगणें गांवांत सोपें जातें.

दुकानांत काय ठेवावें, याचाहि रूपाशीं संबंध आहे. पोखर्णीसारख्या ठिकाणीं नारळ, हार, प्रसाद यांचा मोह पंपावरील दुकानदाराला होईल. तो त्यानें टाळावा. देवळापाशीं टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचा तो चरितार्थ आहे. उलट शेतकऱ्याला लागणारा दोर, ग्रीस, विजेरीचे सेल, आणि प्रवाशाला लागणारा पंचा, छत्री, मुलांसाठीं बिस्किटें, हें मांडण्यास चार फळ्या पुरतात. मोकळी फळी दरिद्री दिसते, ही समजूत चुकीची आहे.

शेवटीं शौचकूप. तें बहुतेक ठिकाणीं असतें. पण त्याला कुलूप असतें, किल्ली पंपावरच्या पोऱ्याच्या खिशांत असते, आणि दार मोटारींच्या रांगेसमोर उघडतें. चार पुरुषांसमोर किल्ली मागण्यापेक्षां पुष्कळ बायका गंगाखेड येईपर्यंत तहान मारून बसणें पसंत करतात. याला नवी इमारत नको. कुलूप काढावें, वाटेवर एक दिवा लावावा, आणि दारापुढें सहा फूट उंचीची एक विटांची आडभिंत घालावी. मृगांत तिच्या बुंधाशीं लावलेला मधुमालतीचा वेल, पाणी चुकलें नाहीं तर, पुढल्या वैशाखापर्यंत भिंतीच्या माथ्याशीं आलेला असतो.